भरताच्या वांग्याची फाईल



मार्गशीर्ष लागला की आपल्या खानदेशात शेताशेतातून एक वास यायला लागतो. वाळलेल्या कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर फिकट हिरवी, मोठाली वांगी भाजायची. साल काळी पडली की सोलायची आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणासोबत ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. चातुर्मासात ज्या घरांत वांगं वर्ज्य असतं, त्या घरांत चंपाषष्ठीला ते मानाने ताटात परत येतं. बामणोद आणि आसोद्याच्या वांग्याची कीर्ती तर आपण सांगायला नको.

आज मात्र आम्ही भरताची कृती सांगणार नाही. ती तुम्हीच आम्हाला शिकवाल. आज सांगायची आहे ती वांग्याची फाईल. हो, फाईल. वांग्याच्या एका नव्या बियाण्याची कागदपत्रं दिल्लीतल्या सरकारी कार्यालयात बंद होती. ती दहा रुपयांच्या एका अर्जातून आणि पुढच्या कोर्टकचेरीतून कशी उघडली, आणि उघडल्यावरही आपल्यापर्यंत का पोचली नाही, त्याची ही गोष्ट.

पण वांग्याच्या आधी कपाशी सांगावी लागेल, कारण गोष्ट तिथून सुरू होते.

२६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने कपाशीच्या तीन संकरित बीटी वाणांना परवानगी दिली. जालन्याच्या महिको कंपनीचं हे बियाणं, आणि त्यातलं तंत्र अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीचं. मातीत राहणाऱ्या एका जीवाणूचा गुण कपाशीच्या बियाण्यात घातलेला. बोंडअळीने ते झाड खाल्लं की अळी मरते. चार वर्षांपूर्वी, १९९८ पासून त्याच्या चाचण्या शेतांवर चालू होत्या. त्या चाचण्यांत काय आढळलं, हे आपल्या पाचोऱ्या-भडगावच्या शेतकऱ्याला कोणी बसून सांगितलं नाही. आपल्याला बियाण्याची ओळख झाली ती दुकानातल्या पाकिटावरून आणि शेजाऱ्याच्या शेतावरून.

परवानगीला एक अट होती. बीटी कपाशीच्या भोवती साध्या कपाशीच्या निदान पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के साधी कपाशी, यातलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट मिळायचं. आठवलं का? आमच्या गटातल्या कित्येकींनी सरकी लावताना ते छोटं पाकीट हातात धरलंय. कोणी बांधावर फेकलं, कोणी घरात तसंच पडू दिलं. आम्ही म्हणायचो, अळी लागणारं बी आपल्या चांगल्या शेतात कशाला लावायचं?

ते का लावायचं, हे समजायला शाळेची इयत्ता लागत नाही. बीटी कपाशीवर हजारात एखादी चिवट अळी वाचते. तिचं पाखरू होतं. आजूबाजूला सगळी चिवटच पाखरं असतील, तर जोडीही चिवट जमेल आणि पुढची पिढी सगळी चिवट निघेल. पण शेजारी साध्या कपाशीवर वाढलेली साधी पाखरं भरपूर असतील, तर चिवट पाखराची जोडी बहुतेक साध्याशीच जमेल, आणि त्यांची पिल्लं बीटीवर पुन्हा मरतील. म्हणजे ते छोटं पाकीट म्हणजे औषधाची ताकद टिकवायची युक्ती होती. सोयरीक कुठे करावी आणि कुठे टाळावी, हे आपल्याला चांगलं कळतं. कोणी या भाषेत सांगितलं असतं, तर आम्ही ते पाकीट फेकलं नसतं.

पुढे काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मार्च २०१० मध्ये मोन्सँटोनेच जाहीर केलं की गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली आहे. २०१७ च्या हंगामात तर महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली. वेचणीला गेलेल्या आपण बायकांनी किडकी कवडी हाताने निवडली. वेचणीची मजुरी किलोवर असते. बोंडात कापूसच नसला तर दिवसभर वाकून पदरात काय पडणार? या नुकसानीला एकच कारण नव्हतं. फरदड घेणं, पीक मार्चपर्यंत उभं ठेवणं, हेही कारण होतं. पण न सांगितलेलं शास्त्र हेही त्यातलंच एक.

आता वांग्याकडे येऊ.

वांग्याची मोठी शत्रू म्हणजे शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. बाजारात नेलेल्या वांग्याला एक भोक दिसलं की भाव पडतो. म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारणी करतो. महिकोने कपाशीत घातला तोच गुण वांग्यात घातला आणि बीटी वांगं तयार केलं. धारवाड आणि कोइमतूरची कृषी विद्यापीठंही या कामात होती. फवारणी कमी व्हावी ही गरज खरी होती, ती आपण नाकारायची नाही. फवारणीचा पंप पाठीवर कोण घेतो आणि पंपात पाणी कोण ओततं, हे आपल्याला ठाऊक आहे.

पण कपाशी आणि वांगं यांत एक मोठा फरक आहे. कपाशी आपण अंगावर घालतो. वांगं आपण खातो, लेकरांना भरवतो, बाळंतिणीच्या घरात शिजवतो. हे वांगं दिसायला साध्या वांग्यासारखंच. काड्यांवर दोन्ही शेजारी ठेवली तर कोणतं कुठलं, हे सात पिढ्या भरीत करणारीलाही ओळखता येणार नाही. मग ते खाण्याला सुरक्षित आहे की नाही, हे ठरणार ते चाचण्यांच्या कागदांवर. आणि ते कागद होते बंद.

याच सुमारास देशात एक नवा कायदा आला. माहितीचा अधिकार. आपल्या महाराष्ट्राचा स्वतःचा असा कायदा २००२ चा होता, त्यामागे अण्णा हजारे यांचं आंदोलन होतं. सगळ्या देशासाठीचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपये भरायचे आणि सरकारी कार्यालयाला प्रश्न विचारायचा. कशासाठी विचारता, हे सांगायची सक्ती नाही.

कायदा लागू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये ग्रीनपीस या संस्थेच्या दिव्या रघुनंदन यांनी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे अर्ज केला. बीटी वांगं आणि अशाच इतर पिकांच्या चाचण्यांत विषारीपणाबद्दल आणि ॲलर्जीबद्दल काय आढळलं, आणि चाचण्या कुठे चालल्या आहेत, ते दाखवा, असं त्यांनी मागितलं. चाचणीची ही माहिती द्यायला विभागाने नकार दिला. कारण सांगितलं, ही कंपनीची व्यापारी गुपितं आहेत.

कायद्यात तशी सोय आहे, खरं. एखाद्याच्या धंद्याचं गुपित उघड केल्याने त्याचं नुकसान होणार असेल, तर माहिती नाकारता येते. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की, व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी. आता तुम्हीच सांगा. लोणचं विकणाऱ्या बाईने आपला मसाला सांगू नये, हे ठीक. पण ते लोणचं खाऊन कोणाला त्रास होतो का, हेही गुपित म्हणायचं का? मसाला तिचा असेल, पोट तर आपलं आहे.

केंद्रीय माहिती आयोगाने २००७ मध्ये अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयात अरुणा रॉड्रिग्ज आणि इतरांची याचिका २००५ पासून चालू होती. त्यात २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, विषारीपणाची आणि ॲलर्जीची माहिती लोकांपुढे ठेवा. त्याच वर्षी बीटी वांग्याच्या चाचण्यांचे अहवाल सरकारच्या संकेतस्थळावर आले. अर्ज करणारी एक बाई, याचिकेवर पहिलं नाव असलेलीही एक बाई. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अजून म्हणतात की कागदपत्रं हे बाप्यांचं काम.

फाईल उघडल्यावर काय दिसलं? नवं वांगं पांढऱ्या उंदरांना, सशांना, शेळ्यांना, कोंबड्यांना, दुभत्या गाईंना, माशांना खाऊ घालून पाहिलं होतं. कंपनीचं म्हणणं, कुठेही धोका आढळला नाही. पण आता ते कागद देश-परदेशातल्या इतर शास्त्रज्ञांनाही वाचता आले. त्यांतल्या काहींनी विचारलं, उंदरांवरची मोठी चाचणी फक्त ९० दिवसांची कशी? माणूस वांगं जन्मभर खातो. कोणी विचारलं, चाचण्या कंपनीनेच केल्या किंवा करवून घेतल्या, मग तिऱ्हाइताकडून तपासणी कुठे आहे? दुसऱ्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की जगभर चाचण्या अशाच होतात आणि एवढ्या पुरेशा आहेत. वाद झाला. पण तो कागद समोर ठेवून झाला.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. न्यायालयाने त्या समितीत बसवलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. पी. एम. भार्गव यांचा याला विरोध होता. तेव्हा पर्यावरण खात्याचे मंत्री जयराम रमेश होते. त्यांनी लगेच शिक्का मारला नाही. समितीचा अहवाल लोकांपुढे ठेवला, हरकती मागवल्या आणि जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत स्वतः जाऊन लोकांचं ऐकलं. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि बंगळूर. सगळे मिळून आठ हजारांच्या आसपास लोक आले. शेतकरी दोन्ही बाजूंचे होते. काहींना बियाणं हवं होतं, काहींना नको होतं.

९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी निर्णय दिला. बीटी वांग्याला तूर्त स्थगिती. तिऱ्हाइत शास्त्रीय अभ्यासातून लोकांची आणि जाणकारांचीही खात्री पटेपर्यंत हे वांगं बाजारात येणार नाही. निर्णयासोबत त्यांनी आपली कारणं छापली, आणि शास्त्रज्ञांची, राज्य सरकारांची आलेली पत्रंही जोडली. त्याच वर्षी त्या समितीचं नावही बदललं. 'मंजुरी' हा शब्द गेला आणि 'मूल्यमापन' आला. दळण द्यायच्या आधी धान्य निवडायचं असतं, हे नावातून तरी कबूल झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. बीटी वांगं विषारी ठरलं, असं झालं नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली आणि २०१४ पासून तिथले शेतकरी ते पिकवतात. आपल्याकडे स्थगिती अजून उठलेली नाही. कोणता देश बरोबर, हे आम्ही या कार्यक्रमातून ठरवू शकत नाही. आमचं म्हणणं एवढंच की, आपल्या ताटातल्या वस्तूचा निर्णय बंद फाईलवरून होऊ नये. कागद उघडे असले तर चूक सापडते, आणि चूक नसेल तर भीतीही जाते. कागद बंद असले की उरतात दोनच गोष्टी, आंधळा विश्वास नाहीतर अफवा.

पण मैत्रिणींनो, आमच्या मनात एक सल आहे. नागपूरला ती सुनावणी झाली तेव्हा आमच्यातली एकही तिथे नव्हती. पाचोऱ्याहून नागपूर रेल्वेने साडेचारशे किलोमीटरच्या वर. जानेवारीचे दिवस, शेवटची वेचणी चालू, तुरी सोंगायच्या. आणि गेलो असतो तरी बोललो काय असतो? ते अहवाल इंग्रजीत, आणि तेही संगणकावर. ज्या जिल्ह्याच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ज्या वांग्यावर जळगावचं नाव कायद्याने लागलं, त्या जिल्ह्यातल्या बायकांना वांग्याची ती फाईल वाचता आली नाही. कुलूप निघालं, पण उंबरा उंचच राहिला.

याच आसोद्याच्या मातीत बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी लिहून घेतल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. बहिणाबाईंना समजत नव्हतं असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? अक्षर न येणं वेगळं आणि अक्कल नसणं वेगळं. शास्त्र आपल्या डोक्यावरून जातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते आपल्या भाषेत सांगून बघितलंय का, हा खरा प्रश्न आहे.

आणि ही काही मेहरबानीची मागणी नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमातच लिहिलंय की, सरकारने महत्त्वाचं धोरण ठरवताना किंवा लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी वस्तुस्थिती, कोणी न मागता, स्वतःहून प्रसिद्ध करावी. आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. म्हणजे पाचोऱ्यात मराठीचा. सहाव्या कलमानुसार आपला अर्जही मराठीत चालतो. कायदा उंबरा उंच ठेवत नाही, उंबरा ठेवते ती सवय.

आणि सवय लवकर जात नाही. २०१६ मध्ये जनुकीय बदल केलेल्या मोहरीचा प्रश्न आला. तेव्हा सरकारने एक अहवाल संकेतस्थळावर टाकला आणि तीस दिवसांत मतं मागवली. पण मूळ फाईल पूर्ण बघायची असेल, तर वेळ ठरवून दिल्लीच्या कार्यालयात या, असं सांगितलं. आमच्या गटातल्या बाईने मोहरीच्या कागदांसाठी दिल्ली गाठायची? मोहरीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत दोन बाजूंना पडलं. मात्र अशा पिकांसाठी सरकारने राष्ट्रीय धोरण करावं, यावर दोघांचं एकमत होतं. धोरण ठरताना विचारायचं कोणाला? स्वयंपाक करणारीला, वेचणी करणारीला विचारायचं की नाही?

तर मग आपण काय करायचं? दिल्लीची फाईल लांब राहिली, गावातली तर जवळ आहे. जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासायच्या पेटीवर गावातल्या पाच बायकांना शिकवायचं ठरलं आहे. आपल्या गावात त्या पाच कोण, आपल्या विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यात नायट्रेट, फ्लोराईड किती निघालं, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहिलंय का, हे विचारा. शेताच्या मातीची मृदा आरोग्य पत्रिका मिळाली असेल, तर ती कृषी सहायकाकडून गटाच्या बैठकीत वाचून घ्या. नुसती कपाटात ठेवू नका. नव्या बियाण्याचं पाकीट आलं की आतला कागद शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, छोट्या अक्षरांसकट.

आणि विचारूनही कोणी सांगितलं नाही, तर अर्ज करा. साधा कागद, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणीला तेही लागत नाहीत, फक्त दाखला जोडायचा. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. 'माहिती द्या' एवढंच लिहू नका. कोणत्या वर्षाची, कोणत्या तपासणीची, कोणत्या कागदाची प्रत हवी, ते लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायचं, आणि त्यापुढे राज्य माहिती आयोग आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर अर्ज केला होता हे सांगून कोणी ऐकत नाही. आणि एकटीने नको, चार-पाच जणी मिळून जा. एकटी गेली तर साहेब विचारतात, घरी कोण आहे? पाच गेल्या तर म्हणतात, बसा.

आमच्या गटाने ठरवलंय, यंदाच्या चंपाषष्ठीला भरीत करायचं आणि त्याच बैठकीत पहिला अर्ज लिहायचा. विषय आहे, आमच्या गावच्या पाण्याचा गेल्या तीन वर्षांचा तपासणी अहवाल. अक्षर जिचं चांगलं ती लिहील, बाकीच्या सांगतील. उत्तर काय येतं, ते इथेच येऊन तुम्हाला सांगू.

तुमच्या गावात काय विचारायचंय ते तुम्ही ठरवा.